परगावी लिहायला बसायचं कुठे?

कोकणात चार दिवस राहून कथा पूर्ण करायची, नाशिकला लग्नाला जायचंच आहे तर उरलेल्या वेळात लेख संपवायचा, असे बेत लिहिणारे सगळेच करतात. नवीन मंडळी अशा वेळी खोली शोधतात ती समुद्र किंवा डोंगर दिसणारी. पहिला दिवस बघण्यात जातो, दुसरा फोटो काढण्यात, आणि वही कोरीच राहते. फिरता फिरता लिहिण्याची सवय लागल्यापासून माझं एक मत पक्कं झालं आहे: जी जागा उद्या आणि परवाही, त्याच वेळी, कुणाच्या मिनतवाऱ्या न करता मिळेल ती चांगली जागा. खरं लिखाण दुसऱ्या दिवसापासून लागतं. पहिल्या दिवशी डोळे चहूकडे भिरभिरत असतात. दुसऱ्या दिवशी तीच खुर्ची आणि तोच पंख्याचा आवाज असला की ते कागदावर टिकतात.

निघण्याआधी

आपण नेमकं काय लिहिणार आहोत ते घरीच ठरवा. टिपणं काढायची असतील तर जागेचा प्रश्नच नाही, एसटीच्या थांब्यावर उभ्यानेही काढता येतात. लिहून झालेल्या मजकुरावर हात फिरवायचा असेल, तर गाडीतली खिडकी किंवा हॉटेलातलं कोपऱ्यातलं टेबल पुरतं. नवा खर्डा लिहायचा असेल तर मात्र सलग दोन तास, पाठीला टेकू आणि हाताखाली सपाट पृष्ठभाग लागतो. या तिन्हींसाठी एकच जागा शोधायला गेलात तर ती कुठेच मिळणार नाही. दिवसाचे तीन तुकडे करा, खर्ड्याला सगळ्यात भरवशाची जागा आणि सकाळची वेळ द्या.

सामान फार नको. परीक्षेला मुलं नेतात तसला पॅड, दोन बॉलपेनं, एक जाड पुठ्ठ्याची वही, आणि लॅपटॉप नेणार असाल तर लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड. लॉजमधलं प्लगचं बटण हमखास पलंगाच्या मागे किंवा टीव्हीच्या वर असतं, त्यामुळे हा बोर्ड मी कधीच विसरत नाही.

खोली घेताना फोनवर काय विचारायचं

"रूम चांगली आहे ना?" असं विचारलं की "एकदम चांगली आहे" हेच उत्तर येतं. त्यापेक्षा मुद्द्याचं विचारा. खोलीत टेबल आणि पाठीची खुर्ची आहे का? खिडकी रस्त्यावर उघडते की मागच्या बाजूला? शेजारी मंगल कार्यालय आहे का? लग्नसराईत हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण बँड सकाळी सुरू होतो आणि हळदीचा डीजे रात्री दहापर्यंत चालतो. स्टँडसमोरचं लॉज सोयीचं असतं खरं, पण गाड्यांची घोषणा पहाटे पाचपासून कानावर पडते. एका रात्रीसाठी चालेल, चार दिवसांसाठी दोन गल्ल्या आत जा. टेबलाबद्दल नुसतं "आहे" म्हणाले तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवा. त्यात कुणी वाईट वाटून घेत नाही. टेबल नसेल तर खालच्या हॉलमधलं एखादं वर चढवून द्याल का, असं आधीच विचारून ठेवा. आल्यावर मागितलं की पोऱ्या जागेवर नसतो.

टेबल नाहीच मिळालं तर पलंगावर पाय पसरून लिहू नका. अर्ध्या तासात कंबर बोलायला लागते. त्यापेक्षा चौरंग मागा. भिंतीला पाठ, खाली दुहेरी घातलेली सतरंजी, पुढे चौरंग आणि मांडी घालून बैठक. आपल्याकडचे कारकून आणि कीर्दखतावणी लिहिणारे मुनीम जन्मभर असेच लिहीत आले. घरगुती निवासात चौरंग देवघराशेजारी असतोच, फक्त तो पूजेचा नाही ना, हे विचारून घ्या.

दापोली, गुहागर, मालवणकडे कुणाच्या घरी राहणार असाल तर खोलीपेक्षा पडवीची चौकशी करा. माझ्या अनुभवात परगावी लिहायला पडवीसारखी दुसरी जागा नाही. वर कौलं, तिन्ही बाजूंनी हवा, पुढे अंगण आणि त्यापलीकडे पोफळीची बाग. सकाळी सात-साडेसातला ऊन पोफळीतून गाळून येतं आणि कोब्यावर त्याच्या पट्ट्या हलत राहतात. कागदावर थेट ऊन पडत नाही, तरी दिवा लावावा लागत नाही. घरातली माणसं जातायेता दिसतात, भांड्यांचा आवाज येतो, पण आपल्याला कुणी हाक मारत नाही. आजी एकदा येऊन "काय लिहितंस गो?" असं विचारतील. सरळ सांगावं, गोष्ट लिहिते आहे म्हणून. त्यानंतर त्या घरातल्या पोरांना गप्प बसवण्याचं काम त्याच करतात. दुपारी तीन ते पाच पडवी तापते, आणि दिवेलागणीला डास येतात. तेवढी वेळ सोडायची.

पोचल्यावर पहिल्या संध्याकाळी

सामान टाकलं की वही न घेता बाहेर पडा आणि तासभर गाव पायी फिरा. या फेरीत तीन जागा हेरायच्या: एक छप्पर असलेली, एक चहा मिळणारी, एक उघड्यावरची. एखादी बंद निघाली तर दुसरी हाताशी असते. प्रत्येक ठिकाणी किती वाजता उघडतं, किती वाजता गर्दी होते आणि आठवड्याची सुट्टी कधी, हे विचारून घ्या. रिक्षावाले आणि पेपरविक्रेते याबाबत सर्वांत अचूक सांगतात. गूगलच्या नकाशावरची वाचनालयाची वेळ पुष्कळदा जुनी असते.

वाचनालय: पहिलं इथे जा

महाराष्ट्रात लिहिणाऱ्याची चैन आहे ती ही, आणि नवीन लोकांना तिची कल्पनाच नसते. तालुक्याच्या बहुतेक गावात सार्वजनिक वाचनालय असतं. काहींचं वय दीडशेच्या पुढे आहे. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ सालचं आणि कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर अशा संस्थांना सरकारी अनुदान मिळू लागलं आणि अ, ब, क, ड असे वर्ग पडले. पाटीवर "तालुका अ वर्ग" असं दिसलं तर आत निश्चिंत जा. तिथे बसायला खुर्च्या असतात, पंखे चालू असतात, माठात पाणी असतं.

आत गेल्यावर आधी ग्रंथपालांना भेटा. "मी बाहेरगावची आहे, दोन-तीन दिवस इथे आहे, वाचायला आणि लिहायला बसले तर चालेल का?" एवढं पुरे. वृत्तपत्र विभाग सहसा सगळ्यांना खुला असतो, त्यामुळे नकार क्वचितच येतो. बॅग काउंटरवर ठेवायला सांगतील, वही-पेन आत नेऊ देतील. कुठे तात्पुरतं सभासदत्व घ्यावं लागतं, कुठे वहीत नाव लिहिलं की झालं. मागतील ती वर्गणी द्या, आणि मागितली नाही तर निघताना देणगीची पावती फाडा.

दोन गोष्टींची मात्र तयारी ठेवा. पहिली, वेळ. पुष्कळ वाचनालयं सकाळी आणि संध्याकाळी उघडी आणि मधे दुपारभर बंद असतात. बारा वाजता लेख रंगात आला आणि शिपायाने खिडक्या लावायला घेतल्या, तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. आधी माहीत असलं की आपणच साडेअकराला शेवटचा परिच्छेद सुरू करतो. दुसरी, अभ्यासिका. वाचनालयाला लागून अभ्यासिका असते ती एमपीएससी, तलाठी, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांची. कित्येकांच्या घरी अभ्यासाला जागा नसते, म्हणून ती पहाटेपासून रात्रीपर्यंत तिथे बसतात. जागा रिकामी दिसली तरी पुस्तक ठेवलेली खुर्ची कुणाची तरी ठरलेली असते. तिथे बसू नका. लॅपटॉपच्या कळांचा टकटक आवाजही त्या शांततेत मोठा वाटतो. आपण वृत्तपत्र विभागाच्या मागच्या बाकावर किंवा संदर्भ विभागात बसावं. "ताई, कुठली परीक्षा?" असं कुणी विचारलंच तर खरं सांगा. त्यातून चांगल्या ओळखी होतात.

वृत्तपत्र विभागात सकाळी नऊपर्यंत निवृत्त मंडळींची गर्दी असते. दहानंतर ती ओसरते आणि तिथून बारापर्यंतची वेळ सोन्यासारखी आहे. आणखी एक फायदा असा की त्या गावाविषयी काही लिहीत असाल, तर स्थानिक दैनिकांचे जुने अंक आणि जिल्ह्याचं गॅझेटिअर हाताच्या अंतरावर सापडतं.

महाराष्ट्राबाहेरही ही सोय आहे. पणजीत पाटो भागातलं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय कदंबच्या बसस्टँडवरून पायी गाठता येतं. त्या संस्थेची सुरुवात १८३२ सालची. बडोद्याला गेलात तर सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१० साली सुरू झालेलं मध्यवर्ती ग्रंथालय पाहून घ्या. पुस्तकांच्या कपाटांमधली जमीन काचेची आहे, खालपर्यंत उजेड जावा म्हणून, आणि मराठी पुस्तकांचा विभागही आहे. मुंबईत काळा घोड्याजवळचं डेव्हिड ससून ग्रंथालय १८७० च्या इमारतीत आहे आणि त्याच्या मागची बाग अतिशय सुरेख आहे. पण ते सभासदांचं ग्रंथालय आहे, म्हणून आधी चौकशी करूनच जावं.

पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधल्या भिलारचं नाव इथेच घ्यायला हवं. मे २०१७ मध्ये ते पुस्तकांचं गाव झालं. सुरुवातीला २५ ठिकाणी, म्हणजे लोकांच्या घरांत, देवळात, शाळेत, विषयवार पुस्तकं मांडली गेली. कुठल्याही घरात जाऊन फुकट वाचत बसता येतं. पाचगणीतल्या महागड्या हॉटेलपेक्षा लिहिणाऱ्याने इथल्या घरात मुक्काम करावा, असं मी सगळ्यांना सांगते. एक पथ्य पाळा. ते त्यांचं राहतं घर आहे. जेवणाच्या वेळी उठावं.

हॉटेलात बसताना

हॉटेलवाल्याचा धंदा टेबलावर चालतो, हे लक्षात ठेवलं की बाकीचं आपोआप जमतं. नाश्त्याची गर्दी साडेआठ ते दहा, जेवणाची साडेबारा ते अडीच. या वेळांत वही काढू नका. तीन ते साडेचार ही सैल वेळ, तेव्हा उडुपी हॉटेलात वेटरसुद्धा बसलेले असतात. गल्ल्यावर आधी सांगा, "तासभर लिहायला बसते, चालेल ना?" दोघांचं टेबल घ्या, चौघांचं अडवू नका. दर तासाला काही तरी मागवा, नुसत्या अर्ध्या चहावर सकाळ काढणं बरं नाही. वेटरला टिप पहिल्याच दिवशी द्या. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच पंख्याखालचं टेबल दाखवतो. अमृततुल्यमध्ये मात्र लिहायला जाऊ नका, ती जागा उभ्याने चहा पिऊन निघण्याची.

मुंबईत इराण्याच्या हॉटेलात लिहिण्याचं आकर्षण अनेकांना असतं. १९०४ सालच्या कयानीत संगमरवरी टेबलावर चहा जरूर प्या, पण आता तिथे इतकी वर्दळ असते की अर्ध्या तासाच्या वर बसणं दुसऱ्या गिऱ्हाइकावर अन्याय होईल. त्यापेक्षा मध्य प्रदेशात किंवा केरळात गेलात तर इंडियन कॉफी हाउस शोधा. कामगारांच्या सहकारी संस्था ती चालवतात, दर माफक असतात. जबलपूरला त्यांच्या कितीतरी शाखा आहेत. तिरुवनंतपुरमला तंपानूर स्टेशनजवळचं कॉफी हाउस वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी बांधलेलं आहे: विटांचा गोल मनोरा, आत वर चढत जाणारा उतार, आणि भिंतीला लागून पक्की बांधलेली टेबलं. भिंतीतल्या जाळ्यांतून वहीपुरता उजेड येतो. तिथे सकाळी लवकर गेलेलं चांगलं.

एकटी बाई लिहायला बसली की लोक बघतात. गल्ल्यावरून दिसेल अशा टेबलावर बसा, भिंतीकडे पाठ आणि दाराकडे तोंड ठेवा. ज्या हॉटेलात मालकाची बायको किंवा आई काउंटरवर असते ते मी आधी निवडते. फॅमिली रूम म्हणून आतल्या बाजूला पाठवत असतील तर तिथे उजेड आणि वर्दळ किती आहे ते बघूनच बसा.

रेल्वेत

एसटीत लिहिता येत नाही, तो प्रयत्न सोडून द्या. डोळे मिटून पुढच्या परिच्छेदाचा विचार करा आणि गाडी थांबली की चार शब्द टिपून ठेवा. रेल्वेचं वेगळं आहे. स्लीपर डब्यात लिहिण्यासाठी सर्वांत चांगली जागा साइड लोअर: खिडकी तुमची, पॅड मांडीवर नीट बसतो. ७, १५, २३, ३१, ३९ असे तिचे नंबर येतात. चाकांच्या वर धक्के जास्त बसतात, म्हणून डब्याच्या मधला ३१ किंवा ३९ मिळाला तर उत्तम. नंबर निवडता येत नाही, तिकीट काढताना साइड लोअरची पसंती तेवढी देता येते. आरएसी तिकीट असेल तर तीच सीट दोघांत वाटून बसावी लागते, तेव्हा लिहिण्याचा विचार सोडून शेजाऱ्याशी गप्पा मारा. वरचे-मधले बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा झोपण्यासाठी असतात, त्यामुळे दिवसाची गाडी धरा. कोकण रेल्वेच्या मार्गावर बोगदे सारखे येतात आणि डब्यातले दिवे मंद असले की ओळ तिथेच तुटते. तिथे दुरुस्त्याच कराव्यात. डेक्कन क्वीनला टेबलखुर्च्यांची डायनिंग कार आहे, पण ती खाणाऱ्यांसाठी. ऑम्लेट संपलं की उठावं.

जंक्शनला चार-पाच तास काढायचे असतील तर फलाटावर बसू नका. कन्फर्म किंवा आरएसी तिकिटावर रिटायरिंग रूम ऑनलाइन मिळते, थोड्या तासांसाठीही. मिरज किंवा मनमाडला अडकलेल्या दुपारी तिचा फार उपयोग होतो.

घाट, देऊळ, किनारा

उघड्यावर बसायचं तर आधी उजेडाची दिशा बघा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला प्रकाश डाव्या खांद्यावरून यावा, नाहीतर हाताची सावली ओळीवर पडते. कोकणचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून संध्याकाळी सूर्य थेट डोळ्यांत येतो. सकाळी ऊन किनाऱ्यामागच्या सुरूच्या बनातून गाळून येतं आणि वाळू दहापर्यंत गार असते. समुद्राकडे पाठ करून बसा, असा माझा आग्रह आहे. लाटा ऐकू येतात तेवढ्या पुरतात. लॅपटॉप मात्र किनाऱ्यावर काढू नका, वाळू आणि खारी हवा दोन्ही त्याला बाधतात.

वाईच्या घाटावर किंवा नरसोबाच्या वाडीला नदीकाठी सकाळी साडेनऊपर्यंत बसावं, मग पायऱ्या तापतात. देवळाच्या सभामंडपात दुपारच्या नैवेद्यापासून चारपर्यंत शांतता असते. गुरवांना विचारून खांबाला टेकून बसा, प्रदक्षिणेची वाट सोडा, आणि पाय गाभाऱ्याकडे करू नका. महाबळेश्वर, माथेरानला माकडं फार. खाण्याची पिशवी जवळ असेल तर उघड्यावर बसण्यात अर्थ नाही.

खेड्यात वही घेऊन बसलेल्या अनोळखी माणसाला लोक सर्व्हेवाला समजतात. रस्ता रुंदीकरणात कुणाची जमीन जाणार, अशी चर्चा अर्ध्या तासात पारावर पोचते. म्हणून पहिल्या भेटणाऱ्या माणसालाच आपण कोण, कुठल्या आणि काय लिहितो ते सांगून टाका.

पावसाळ्यात

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. कोकणातही तेव्हा कागद दमट होतो, जेल पेनची शाई पसरते, शाईचं पेन तर काढूच नये. बॉलपेन आणि पेन्सिल टिकते. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्यात तांदळाची छोटी पुरचुंडी. वीज दिवसदिवस जाते, तेव्हा लॅपटॉपवर विसंबलेल्याचं काम थांबतं. खिडकीजवळची जागा या दिवसांत दुप्पट मोलाची.

घरच्यांबरोबर गेल्यावर

नव्यांचा सर्वाधिक प्रवास असाच होतो, आणि त्यात दिवसा वेळ मिळत नाही. मिळवण्याचा प्रयत्नही करू नये, सगळ्यांचा विरस होतो. साडेपाच ते साडेसात ही वेळ तुमची. आदल्या रात्री मॅनेजरला विचारून ठेवा: खालचा दरवाजा किती वाजता उघडतो, रिसेप्शनचा दिवा लावता येईल का, चहा कधीपासून. वही, पॅड, पेन आणि चष्मा झोपण्याआधीच दाराजवळच्या पिशवीत ठेवा, म्हणजे अंधारात चाचपडत बाकीच्यांची झोप मोडावी लागत नाही. खाली सोफ्यावर न बसता जेवणाच्या हॉलमध्ये बसा. तिथे टेबलं असतात आणि नाश्ता मांडायला मुलं सातच्या पुढेच येतात. ती आली की कोपऱ्यातलं टेबल धरा, म्हणजे त्यांना मधली मांडामांड करता येते.